पाहुण्यांचं वेगळं

वायफायच्या नव्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला आणि शालूच्या मोबाईलवर प्रश्न आला: कोणता मोड? खाली तीन नावं. लग्नाआधी ती पूर्णेला कॅमेरे-वायफायच्या दुकानात दोन वर्षं कामाला होती, त्यामुळं तिला हे तोंडपाठ. पण वडलांना, दत्तरावांना विचारणं भाग होतं. डबा त्यांनीच आणला होता. सकाळच्या एसटीनं परभणीला जाऊन, कुणाला न सांगता.

"आबा, हे क्लायंट. ते आपल्या कामाचं न्हाई. हे रिपीटर. पुढल्या खोलीतलं वायफाय पकडून हितं मागं फेकतं. आन् हे ॲक्सेस पॉइंट. त्याला पुढल्या डब्यापासून तार आणावी लागती."

"रिपीटर म्हंजे एकानं दिलेली हाळी दुसऱ्यानं पुढं द्यायची, तसं?" दत्तरावांची सारी हयात मेंढरामागं गेलेली.

"तसंच. पण हितं येस्तोवर निम्मं होतं." शालू जराशी घुटमळली. "तरी रिपीटरच बरं. तार म्हणलं की भिंतीला भोक पाडा. मी काय... उगं भिंत कशाला खराब करायची?"

तिला येऊन पाच महिने झाले होते. नवऱ्यानं दुसऱ्यांदा हात उचलला, त्या दिवशी ती एक पिशवी घेऊन निघाली ती थेट इथं आली. मागल्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं टायपिंग करायची. नेट तुटलं की काम बुडायचं, पण ते एक वेळ निभलं असतं. जाच दुसराच होता. गल्लीतली येईल ती बाई विचारायची, "किती दिवस हायस गं?" आणि शेजारी बसलेले आबा खाली मान घालून सुपारी कातरत राहायचे. या माणसानं पाच महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आणि उद्या नवरा चार माणसं घेऊन तिला न्यायला येणार होता. बैठकीत आबा काय बोलतील, याची शालूला तीन दिवस धास्ती होती. विचारायची मात्र छाती होत नव्हती.

दत्तरावांनी कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. आत तारेचं नवं कोरं भेंडोळं होतं.

"हातोडा दे," ते म्हणाले.

भिंत जुनी, दगडमातीची. तासभर छिन्नी चालली. माती सगळी तिच्या अंथरुणावर पडली. अखेर तार आरपार आली, शालूनं ती डब्यात खुपसली आणि ॲक्सेस पॉइंट निवडलं. मागल्या खोलीत पहिल्यांदाच नेट धड चालायला लागलं.

"झालं?"

"झालं, आबा."

"दुकानदार म्हणला, पाहुण्याचं वेगळं नेट टाकता येतं. घरच्यात मिसळत न्हाई म्हणं ते. ते बी टाक."

शालूचं बोट जागीच थांबलं. असं होय. म्हणजे हा सगळा खटाटोप पाहुणीसाठी चालला होता. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पाच महिने मनात ठेवलं ते सरळ तोंडावर तरी सांगायचं. सांगितलं ते डब्याच्या आडून. तिनं मुकाट्यानं पाहुण्याचं पान उघडलं. मोबाईलनं लगेच पुढचं विचारलं: किती वेळ चालू ठेवायचं?

हाच प्रश्न गल्लीचा होता. आता तो तिनंच विचारला, वर न बघता.

"किती दिवसांचं टाकू, आबा?"

दत्तराव हाताची माती झटकत होते.

"दिवसांचं कशाला?" ते म्हणाले. "उद्या तुझा नवरा यायलाय, च्या पिऊन जाईल. तासाचं टाक."