डॅलसचं पॅकिंग

"बाबा, तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय?" 'विचारून दाखव' म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती. बाबाची डॅलसला बदली झाली होती, आई-बाबा खोकी भरत होते. अकरावीच्या मध्यातच माझी तिसरी शाळा सुटणार होती.

"आमचा प्रोटोकॉल, म्हणजे कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायची पद्धत, कंपनीनेच बनवलाय, म्हणून सगळं मी हाताने सेट करतो. ऑनलाइन येणारे लोक वेगवेगळ्या सर्व्हरवर, म्हणजे आमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, वाटायचे. पण एकदा बोलणं सुरू झालं की माणूस त्याच सर्व्हरवर ठेवायचा. मध्येच हलवला तर नव्या ठिकाणी त्याला कोणी ओळखत नाही. बिचारा परत नावापासून सुरू करतो."

"आणि सर्व्हर बंदच करायचा असेल तर?"

"त्याच्यावरच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. तेवढी माणुसकी हवी."

"मग डॅलसला तुम्ही दोघं पुढे व्हा," मी म्हणाले. "बारावी संपेपर्यंत मी इथेच, नीना मावशीकडे राहणार आहे. तिला विचारून झालंय."