तुमच्या हातचा

त्या कारखान्यात कुकर ज्याने तपासला, त्याचा नंबर कुकरच्या बुडाशी ठोकायची पद्धत होती. मागणी वाढली की न तपासताच नंबर ठोकले जातात, अशी तक्रार चार नंबरवाल्याने थेट वरपर्यंत केली. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्याचा शिक्का काढून घेतला आणि त्याला गेटजवळच्या खुर्चीवर नुसतं बसवून ठेवलं. वीस वर्षं त्याच्याबरोबर डबा खाणाऱ्या सात नंबरवाल्याने खाली मान घालून लिहून दिलं, "आमच्याकडे प्रत्येक कुकर तपासूनच जातो. हा माणूस खोटं बोलतोय." तेव्हापासून सात नंबरवाला कामावर मागच्या दाराने जाऊ लागला.

वर्षभराने सात नंबरवाल्याच्या लेकीने नवं बिऱ्हाड थाटलं. कुकर घ्यायला बापलेक दुकानात गेले. तिने दोन-चार कुकर उलटे करून पाहिले आणि एक हौसेने त्याच्यापुढे धरला.

"बाबा, हा बघा, सात नंबर. तुमच्या हातचा. मी हाच घेते."

"थांब जरा," म्हणत त्याने तो तिच्याकडून काढून घेतला, परत फळीवर ठेवला आणि बाकीचे कुकर एकेक करून उलटे करत सुटला.

"काका, सगळे एकाच कारखान्यातले आहेत," दुकानदार म्हणाला. "एवढं काय शोधताय?"



लेकीच्या नजरेला नजर न देता त्याने पार मागे धूळ खात पडलेला चार नंबरचा कुकर काढला आणि तिच्या हातात दिला.