भिंतीची मंजुरी

रोक्कालुंगाच्या शाळेला नवी भिंत मंजूर झाली. तूर्त मात्र झालीच नाही असं धरून चालू. तिथल्या शिक्षिका एर्सिलिया बाई कित्येक वर्षं तसंच धरून चालल्या होत्या.

भूकंपानंतर रोमहून आलेले साहेब तंबूतल्या वर्गात कॉफी पीत म्हणाले, "बाई, आता मागाल ते मिळेल. व्यायामशाळासुद्धा!"

"भिंतीला तडा गेला तेव्हा नुसती नवी भिंत मागितली होती."

"अहो, पण तेव्हा आपत्ती कुठे होती? आपत्तीशिवाय निधी कसा देणार?"

"चूक भिंतीचीच. उगाच तग धरून राहिली."

साहेब हसले. "बरं, अजून काय हवं?"

बाईंनी ढिगाऱ्यातून मिळालेला, त्यांच्या वर्गातल्या एलियोचा शाळेचा निळा डगला घडी करून टेबलावर ठेवला. त्या भिंतीलगतचं बाक त्याचं होतं.

"मंजूर निधी कृपया भूकंपाच्या आधीच्या सुट्टीत पोचता करावा, ही नम्र विनंती."