विकेटकीपरची पहिली ओव्हर

कमरेखाली बधिर झालेले टेम्पोवाले काका वरून मात्र टक्क जागे होते. पडद्यापलीकडे त्यांच्या मोडलेल्या मांडीत हातोडीने रॉड ठोकायचा होता. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई त्यांच्या उशाशी बसल्या. बाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकांसाठी सकाळी सिस्टरकडून त्या चार शब्द घोकून आल्या होत्या.

"काका, उद्याच्या मॅचला दोन स्पिनर हवेतच."

"छे! पिचवर एवढं गवत असताना?"

"बरं, मग पहिली ओव्हर विकेटकीपरला द्या."

काका क्षणभर बाईंकडे बघत राहिले. मग उसळून म्हणाले, "त्याला? अहो, त्याचा खांदा दुखावलाय!"

वाद तासभर रंगला. शेवटचा टाका पडला, तशा बाई हसल्या. "झालं काका! भांडणाच्या नादात तुम्हाला पत्ताही लागला नाही."

"विकेटकीपरला बॉलिंग दिलीत, तेव्हाच ओळखलं, तुम्ही कधी मॅच बघितलेली नाही," काका म्हणाले. "पण तसं बोललो असतो, तर तुम्ही गप्प झाला असतात. आणि मला ती हातोडी ऐकू आली असती."