व्यायाम विभागाचं वेळापत्रक

"मी नाही करणार," असं म्हणत काकांनी चालण्याच्या सरावाच्या दांड्यांवरचे हात काढले आणि खुर्चीत बसकण मारली. "दहा पावलं जायचं, दहा पावलं यायचं. मला काय घाण्याला जुंपलंय?"

फिजिओ मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा. बाकांवर तीसेक माणसं, दारात आणखी दहा. रुग्णालयाच्या या विभागात फिजिओच्या जागा तीन, त्यातल्या दोन वर्षभर रिकाम्या. तिसऱ्या जागेवर त्या एकट्या. एकेकाचा रुसवा काढत बसायला वेळ होता कुणाला? टेबलाच्या खणात राजीनामा लिहून तयार होता. तारीख तेवढी घालायची होती.

काका बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. पस्तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं लावली, आणि निवृत्तीनंतर अर्धांगवायूच्या झटक्याने डावा पाय हट्टाला पेटला. पाय हट्टी, त्यापेक्षा काका हट्टी.

मॅडमना एकदम सुचलं. त्यांनी टेबलावरचा केसपेपरांचा गठ्ठा उचलून काकांच्या मांडीवर ठेवला.

"बरं, व्यायाम राहू द्या. मला मदत करा. एवढी माणसं मी एकटीने कशी उरकायची, ते सांगा."

काकांनी चष्मा लावला. कागद चाळता चाळता त्यांची मान हलायला लागली.

"मॅडम, दोष गर्दीचा नाही. तुमच्या सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटतात, ही खरी गोम आहे."

दुसऱ्या दिवशी ते वेळापत्रक घेऊनच हजर झाले. गुडघेवाले साडेआठला, खांदेवाले साडेनऊला, कंबरवाले त्यानंतर. एकजण शेक घेत असताना दुसऱ्याने कप्पीची दोरी ओढायची. महिनाभर मुरलेल्या पेशंटने नव्याचे आकडे मोजायचे. मॅडमनी हात लावायचा तो फक्त जिथे त्यांच्याच हाताचं काम आहे तिथे.

हे सगळं हाकायचं म्हणजे हॉलभर फिरणं आलं. मॅडमना तेच तर हवं होतं. रजिस्टर त्यांनी मुद्दाम पार टोकाच्या खिडकीत ठेवलं आणि घंटा दाराशी. काका पाय ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ओ खांदा, कुठे निघालात? तुमची गाडी अजून दहा मिनिटांनी आहे!"

एक आजी रोज भांडायच्या. "मी सगळ्यांच्या आधी आलेय, मला आधी घ्या."

"आजी, लवकर आलेली गाडीसुद्धा फलाटावर थांबते. बसा."

आजी बसायच्या. आठवड्याने त्याच इतरांना बसवायला लागल्या.

दीड महिन्यात चित्र पालटलं. साठ माणसं दीड वाजेपर्यंत हातावेगळी होऊ लागली. मॅडम बसून जेवायला लागल्या. एका बाईंचा आखडलेला हात वेणी घालण्याइतका वर गेला, तेव्हा शेजारी उभं राहून ते डोळे भरून बघायला त्यांना सवड होती. त्या संध्याकाळी त्यांनी खणातला कागद फाडून टाकला.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली होती. काकांचा पाय.

दर महिन्याला चालण्याची चाचणी व्हायची. जमिनीवर दहा मीटरची पट्टी, मॅडमच्या हातात घड्याळ. पहिल्या महिन्यात अठ्ठावीस सेकंद. दुसऱ्या महिन्यात अठ्ठावीस. तिसऱ्यातही अठ्ठावीस.

"हल्ली जडच वाटतो पाय," काका म्हणायचे. पलंगावर नीट तपासायला बोलावलं, की हात झटकायचे. "आधी प्रवासी, मग कर्मचारी. माझं काय, होईल निवांत."

शेवटी रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. "तीन महिन्यांत काडीचा फरक नाही. नियमाप्रमाणे यांचं नाव कमी करा."

"दोन महिने द्या मला," मॅडम म्हणाल्या. "तो पाय चालता करून दाखवते. माझा शब्द आहे."

तीन महिन्यांपूर्वी मॅडम असं बोलल्या नसत्या. साहेबांनी मुदतवाढीच्या कागदावर सही केली.

सही मिळाली, पण घरच्यांना अंधारात ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी काकूंना बोलावून घेतलं. काकू आल्या तेव्हा हॉलमध्ये कंबरवाल्यांची वेळ सुरू होती. काका घंटा वाजवत होते. मॅडमनी काकूंना आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"काकू, मोकळेपणाने सांगते. त्यांना वाटतं, ते मला मदत करताहेत. मदत होते, नाही कशाला म्हणू? पण मी ते काम दिलं ते त्यांना चालतं ठेवायला. एवढे महिने मी त्यांना फसवतेय. तरी पाय हवा तसा साथ देत नाही. तुम्ही धीर सोडू नका, मी सोडलेला नाही. आणि त्यांना रोज इथवर आणणं जड जात असेल, तर गाडीची व्यवस्था करते."

काकू काचेतून हॉलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात धरला. मॅडमना वाटलं, रडताहेत. त्या पाण्याचा पेला घ्यायला वळल्या, तर काकू हसू दाबत होत्या.

"गाडी कशाला, मॅडम? दोन महिने झाले, टेकडी उतरून साडेतीन किलोमीटर रोज चालतच येतात ते. पाय बरा झाला, की हातातली घंटा जाईल, ही धास्ती. लंगडायला लागतात ते तुमच्या फाटकाच्या आत आल्यावर."