क्लॅरीची शिट्टी

पत्र टाकलं की फाटकाशी शिट्टी फुंकायची, हा टपालखात्याचा नियम. आमचा पोस्टमन क्लॅरी मात्र फाटकावर नुसती टकटक करायचा. शिट्टी गळ्यात लखलखत असायची, ओठांना कधी लागली नाही. कुणीतरी चुगली केली आणि सिडनीहून साहेब चौकशीला आले. शेजारची एडना उसळलीच. "वाजवत नाही? अहो, त्या शिट्टीपायी माझ्या कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्यात! आधी तुमचे कान तपासून घ्या!" मग साहेब माझ्याकडे वळले. बाजूला उभ्या क्लॅरीनं मान खाली घातली. पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीच्या खंदकात सार्जंट क्लॅरीनं हुकमाप्रमाणे हल्ल्याची शिट्टी फुंकली होती आणि आमच्या गावची पोरं गोळ्यांसमोर धावली होती. सगळ्यांत पुढे माझा धाकटा लेक. परतला तो एकटा क्लॅरी. "बाई, याची शिट्टी ऐकू येते तुम्हाला?" "रोज," मी ताठ मानेनं म्हणाले. "आमच्या क्लॅरीसारखी शिट्टी साऱ्या मुलखात कुणी वाजवत नाही."