तपासणीचं पाणी

माझ्या लेकीला, दिशाला, सारखे जुलाब. पिण्याचं पाणी उकळू या म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "ह्या पाण्यानं आमी मेलो व्हय?" शेवटी मी पिंपळीतल्या आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून बारामतीला तपासायला पाठवलं. आज सरकारी अहवाल आला: पिण्यास योग्य. मी तो मोठ्यानं वाचला.

"येणारच की," सासूबाई म्हणाल्या. "सायेब पिऊन बघणार. शहरातलं नाजूक पोट, बाधलं म्हंजी? तू धुणं घेऊन गेलीस तवा मी तुझी बाटली वतली, चांगलं उकळून, गाळून भरलं."

मला हसू आवरेना. अहवाल चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आणि पाण्याचं पातेलं चढवत सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मग सरकारनं पास केलेलं पाणीच रोज पिऊ या."

अहवालावरच्या शिक्क्याकडे बघत त्यांनी फुंकणी उचलली.